पानिपतावरच्या बखरी, कादंबरी आणि इतिहासग्रंथ यांची तुलना कशी करावी? त्यात मल्हारराव होळकरांना कुठे बसवावं?

तुम्ही बडोद्यात एम.ए. करताय, लघुप्रबंधाचा विषय पानिपत आहे, आणि मार्गदर्शकांनी ‘आशयसूत्रं’ आणि ‘दृष्टिकोन’ असे दोन रकाने आखून दिलेत. ते भरायचे कसे, हा तुमचा प्रश्न. रकान्यांचं पुढे बघू. प्रश्नाच्या शेपटीला तुम्ही सहज जोडून दिलंय की ‘होळकरांनी ऐनवेळी मैदान सोडलं हे तर सगळेच मान्य करतात’. मी लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. सगळेच म्हणजे कोण?

माझं माहेर इंदूरचं, मल्हारगंजातलं. सासर ग्वाल्हेरचं, लश्करातलं. सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शिंदे सरकारच्या चाकरीतली, आणि तो ताठा अजून गेलेला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा दारात रिक्षा उभी होती आणि सासरे, म्हणजे आप्पा, ओसरीवरून म्हणाले, “निघाले का मल्हारराव?” सगळं घर हसलं. पुढे ते घरात रुळलंच. माहेरी जाताना, पत्त्यांचा डाव अर्ध्यात सोडताना, कुणाच्या लग्नाच्या पंगतीतून लवकर उठताना, निघाले का मल्हारराव. आप्पांचं एकवेळ ठीक, ते वडीलधारे. पण धाकट्या भाऊजींनीही तेच उचललं.

आमच्याकडे संक्रांतीला संध्याकाळी भाऊसाहेबांच्या बखरीतला दत्ताजीचा प्रसंग आप्पा मोठ्याने वाचायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि दत्ताजी शिंदे पडले बुराडी घाटावर आदल्या वर्षीच्या जानेवारीत. म्हणजे तिथी-तारखेचा मान बरोबर होता. आवाज खणखणीत. ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ला आले की थांबायचे, चष्मा पुसायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर गाडी हमखास होळकरांवर यायची. मल्हाररावांनी मराठ्यांचा वैरी असलेल्या रोहिला सरदार नजीबखानाला धर्मपुत्र म्हणून पाठीशी घातलं. मल्हारराव म्हणाले, नजीब संपला तर पेशवे आपल्याला धोतरं बडवायला लावतील. आणि शेवटी, मल्हारराव पळाले. एवढं झालं की तिळगूळ.

एका संक्रांतीला मी वाचनाच्या आधीच टेबलावर पुस्तकं मांडली आणि म्हटलं, “आप्पा, आज दत्ताजी नको. आज फक्त एक प्रहर वाचायचा. पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव, त्यांना गोळी लागली तिथपासून दिवस मावळेपर्यंत. प्रत्येकाने एकेक पुस्तक घ्यायचं आणि त्या वेळी होळकर कुठे आहेत, एवढंच सांगायचं.” आप्पांनी बखर घेतली, भाऊजींनी विश्वास पाटलांची कादंबरी. आमच्या ह्यांच्या हातात काशीराजाच्या हकिगतीचं भाषांतर दिलं, कारण ते भांडणात कुणाचीच बाजू घेत नाहीत. ग्रँट डफ आणि होळकरांची कैफियत मी ठेवली. आत हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या होत्या आणि सासूबाई दोनदा बाहेर डोकावून गेल्या.

तुमचं काम इथूनच सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी अवधच्या शुजाउद्दौल्याची. म्हणजे उभा शत्रूच्या छावणीत. त्याने १७८० साली फारसीत लिहिलं. भाऊंचं, म्हणजे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंचं, ते शेवटचं पत्र, प्याला काठोकाठ भरला, आता थेंबही मावत नाही, हे आपल्याला त्याच्याकडून कळतं, कारण तहाची बोलणी त्याच्यामार्फत चालली होती. लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊ यांचे देह ओळखण्याच्या कामातही तो होता. मैदान त्याला पलीकडून दिसतं, मराठ्यांची फळी आतून कशी फुटली ते दिसत नाही. उलट भाऊसाहेबांची बखर फळीच्या आतलं सगळं सांगते, अगदी दोन सरदार तंबूत एकमेकांच्या कानात काय बोलले तेही. ती कृष्णाजी शामरावाच्या नावावर सांगतात. शिंद्यांवर तिचा जीव आहे हे दत्ताजीची पानं वाचताना कुणालाही कळेल. मी आप्पांना विचारलं, “ते धोतरांचं वाक्य मल्हारराव शिंद्यांना एकांतात म्हणाले ना? मग बखरकाराला सांगितलं कुणी? दत्ताजी तर थोड्याच काळात गेले. मल्हारराव स्वतःहून सांगत फिरले असतील का?” आप्पा म्हणाले, “अशा गोष्टी लोकांत पसरतातच.” बरं. मग ती लोकांत पसरलेली गोष्ट आहे असं लिहा, मल्हाररावांचं वाक्य म्हणून लिहू नका.

रघुनाथ यादवाची पानिपतची बखर त्या दिवशी घरात नव्हती, पण तुम्ही ती घ्याच. ती गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिलेली. ज्या आईचा कोवळा मुलगा त्या मैदानात पडला, तिच्यासमोर वाचलं जाणार हे माहीत असलेला माणूस विश्वासराव कसे रंगवील? तुमचा ‘दृष्टिकोन’ तो हाच. मजकूर कुणाच्या पुढ्यात ठेवायचा होता, आणि लिहिणारा त्या दिवशी कुठे उभा होता किंवा नव्हताच.

आता ग्रँट डफ. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता, इतिहास छापला १८२६ साली. तो लिहितो की विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि त्यांनी होळकरांना निरोप पाठवला, ‘सांगितल्याप्रमाणे करा’. त्यानंतर होळकर निघाले, पाठोपाठ गायकवाड. मी हे वाचलं तेव्हा घरात पहिल्यांदा शांतता झाली. होळकरांची कैफियत म्हणते की बायकामाणसांना घेऊन निघण्याचं भाऊंनीच सांगितलं होतं. आता कैफियत म्हणजे घरच्या वकिलाने लिहिलेलं निवेदन, मला मान्य आहे, आणि लिहिली पुष्कळ नंतर. पण निरोप इंग्रजाच्या पुस्तकातही आहे, आणि त्याला होळकरांचं काही देणं नव्हतं.

आप्पा म्हणाले, “काय सांगितलं होतं, ते दाखव.”

“तेच कुठे लिहिलेलं नाही, आप्पा.”

“मग पळालेच.”

मग मीही सोडलं नाही. दमाजी गायकवाड निघाले, ते पळाले का? विठ्ठल शिवदेव विंचूरकर जिवंत परत आले. नारो शंकर दिल्लीत होते, तेही दिल्ली सोडून आले. या सगळ्यांना कुणी काही म्हणत नाही. आणि (हे बोलताना मी पदर सावरल्याचं मला अजून आठवतं) महादजी शिंदेही त्या मैदानातून निघालेच ना? पायावर घाव बसला, राणेखान भिश्त्याने बैलावर घालून आणलं, आणि त्यांच्यामुळे पुढे दिल्ली मराठ्यांच्या हातात आली. महादजी वाचले ते देशाचं भाग्य, आणि मल्हारराव वाचले तो दगा?

भाऊजी म्हणाले, “वहिनी, महादजी जखमी होते.” म्हटलं, “आणि मल्हारराव सदुसष्ट वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे पानिपताला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जयपूरच्या माधोसिंगाच्या फौजेशी मांगरोळला लढले आणि तिथे जखमी झाले. पळपुट्या माणसाचं हे लक्षण आहे का, सांगा.” तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पानिपत अडीचशे वर्षं थांबलंय, अजून तासभर थांबेल, बायका वाणाची वाट बघतायत. सभा बरखास्त.

आप्पांनी हार मानली नाही. मात्र पुढच्या खेपेला मी माहेरी निघाले तेव्हा ओसरीवरून आवाज आला, “निघाले का दमाजी?”

तर तुमचा प्रश्न. ‘आशयसूत्रं’ म्हणून शौर्य, नियती, फितुरी, राष्ट्रभावना असे शब्द मांडून प्रत्येक पुस्तकात शोधत बसलात, तर ते सगळीकडे सापडतील आणि प्रबंध कुठल्याही दुसऱ्या प्रबंधासारखा होईल. एक प्रहर पकडा आणि तो प्रत्येक पुस्तकात वाचा. कुठल्या पुस्तकात तो प्रहर किती पानं चालतो, कोण कुणाशी बोलतं, कुणाला नाव आहे आणि कोण नुसतंच ‘लोक’ आहे, हे टिपा. आशयसूत्र आपसूक वर येईल. आणि जिथे साधनं गप्प आहेत तिथे कुणी काय भरलं, ते बघा. ‘सांगितल्याप्रमाणे’ म्हणजे काय, या फटीत बखरकार दगा भरतो, कैफियत आज्ञापालन भरते. कादंबरीकाराला तर ती फट भरावीच लागते, कारण वाचक चारशे पानं चालून आलेला असतो. कादंबरी खरी की खोटी हे तपासू नका, तो खेळ पोरकट आहे. १९८८ सालची ती कादंबरी भाऊंना लोकांच्या मनातल्या हट्टी, उर्मट भाऊंपासून सोडवून आणते. तिचं काम ते होतं, तिने ते केलं. ते करताना इतरांपैकी कुणाच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न तुम्ही विचारायचा.

इतिहासकार शेजवलकरांचा पानिपतावरचा ग्रंथ आधी इंग्रजीत १९४६ साली आला, मराठीत नंतर. सालाकडे लक्ष द्या. देश फाळणीच्या तोंडावर असताना आलेला ग्रंथ पानिपताकडे साऱ्या हिंदुस्थानासाठीचा लढा म्हणून बघतो, यात आश्चर्य काही नाही. ग्रंथ मोठाच आहे, त्याला ‘वस्तुनिष्ठ’च्या रकान्यात टाकून मोकळे होऊ नका, एवढंच. इतिहासकारही कुठेतरी उभाच असतो.

शिंदे-होळकर वितुष्टाची मुळं पाहायची तर बखरीतलंच कुंभेरीचं प्रकरण वाचा. १७५४ ला तिथे मल्हाररावांचा एकुलता मुलगा, अहिल्याबाईंचे यजमान खंडेराव, तोफेच्या गोळ्याने गेले. बाप सुरजमल जाटाचा सूड घ्यायच्या शपथा घेत असताना जयाप्पा शिंद्यांनी त्याच जाटाला अभय दिलं, असं बखर सांगते. हे आप्पांनी संक्रांतीला कधी वाचलं नाही. याच बखरीत आहे, चाळीस-पन्नास पानं आधी.

अजून एक, आणि हे कुणी तुम्हाला सुचवणार नाही. या सगळ्या साधनांत बायका मोजलेल्या असतात, बोलत नाहीत. त्यातल्या त्यात नाना फडणवीसांचं छोटं आत्मचरित्र वाचा. ते तेव्हा अठरा वर्षांचे, यात्रेच्या निमित्ताने आई आणि बायकोला घेऊन भाऊंबरोबर गेलेले. आई त्या धुमाळीत हरवली ती कायमची. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई परत आल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी मरेपर्यंत, १७८३ पर्यंत, मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. भाऊंचे अंत्यसंस्कार झाले ते त्यांच्याबरोबर. कैफियत म्हणते तसं होळकर खरोखर बायकांना सुखरूप नेण्यासाठी निघाले असतील, तर ते काम आपण ‘पळणं’ म्हणतो ते का? लढून मेलेल्याचा पोवाडा होतो, बायकापोरं घेऊन घरी पोचवणाऱ्याला टोमणा मिळतो. हे वाक्य प्रबंधात घातलंत तरी माझी हरकत नाही.

आता माझ्या विरुद्धचं. नजीबाला १७५७ मध्ये दिल्लीत धरलेलं असताना मल्हाररावांच्या रदबदलीने सोडलं गेलं, ते काही बखरकाराच्या मनचं नाही, आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. दत्ताजींनी तर सगळ्यांत आधी. आप्पांचा राग त्याबद्दल असता तर मी तोंड उघडलं नसतं. शिवाय मी इंदूरची आहे, माझं सगळं चाळणीतून घाला. कैफियतीवर बखरीपेक्षा जास्त विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. दोन्ही घराण्यांचे कागद शेजारी ठेवा आणि तिसरा काशीराज. वाचायला सुरुवात मात्र काशीराजापासून करा. बखरीची भाषा इतकी गोड आहे की आधी ती वाचली तर माणूस पुढे दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही, आमच्या घरात बघितलंय.

आणि तुम्ही बडोद्याचे, तर एक प्रकरण दमाजींवर लिहा. डाव्या फळीवर इब्राहिमखान गारद्याच्या बाजूला ते रोहिल्यांशी लढले, मग निघाले, गुजरातेत परतले. मराठी साहित्यात त्यांना ना शिवी मिळाली ना ओवी. का नाही मिळाली, हे शोधलंत तर तुमचा प्रबंध गाईडांच्या रकान्यांत मावणार नाही.

धाकटे भाऊजी या साइटवर असतात. गेल्या संक्रांतीला त्यांनी घरच्या ग्रुपवर ‘पानिपतचे गद्दार’ अशी यादी टाकली होती, त्यात पहिलं नाव कुणाचं ते वेगळं सांगायला नको. भाऊजी, मांगरोळचं उत्तर तुमच्याकडून अजून यायचंय.