बिया फुकट, पण पाकिटाला तिकीट कोण लावणार?

प्रश्न : ताई नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो, रिटायर होऊन चार वर्षं झाली. २०२० च्या लॉकडाऊनमधे आम्ही चारपाच जणांनी गच्चीवर बाग करणाऱ्यांचा एक ग्रुप चालू केला, तेव्हा वीसपंचवीस टाळकी होती, आता २,३०० च्या वर गेलेत, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कोकणातलेपण आहेत. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात १,०२४ च्या वर माणसं मावत नाहीत म्हणून तीन ग्रुप झाले. कीडरोगाचे जुने फोटो नि त्यावरची उत्तरं एका भाड्याच्या सर्व्हरवर लावून ठेवलीत, शोधलं की सापडतात. महिन्यातनं एकदा झूमवर क्लास असतो, आणि देशी बिया पोस्टानं घरपोच, हे सगळं फुकट. खर्च आजवर मी आणि माझा एक डॉक्टर मित्र करत आलो. यंदा पहिल्यांदा वहीत मांडला तर सर्व्हर १४,५००, फोटोंची जागा १,३००, झूम १३,००० आणि पाकिटं-टपाल १४,५००, म्हणजे वर्षाला ४३,३०० रुपये! घरात बोलणी बसतात ती वेगळीच. मागं एकदा "ऐच्छिक मदत करावी ही विनंती" असा मेसेज टाकला तर हात जोडलेले सत्तावीस आले, अंगठे बारा आणि पैसे सहाशे. आता एक कीडनाशकं विकणारा औषधवाला म्हणतोय वर्षाचा सगळा खर्च मी देतो, फक्त क्लासच्या आधी माझी जाहिरात लावा. पैसे मागायची मला लाज वाटते. काय करू?

उत्तर : दादा, आधी ते सहाशे रुपये ज्यांनी दिले त्यांची नावं वहीत लिहून ठेवा, कारण तुमच्या त्या मेसेजवर ज्यांनी पैसे दिले ती माणसं म्हणजे देवमाणसं. किती पाहिजेत, कशाला पाहिजेत, कधीपर्यंत, कुणाच्या नावावर, यातलं एक अक्षर त्यात नाही. ऐच्छिक म्हटलं की माणूस म्हणतो बघू सावकाश, आणि खाली गुड मॉर्निंगचे चाळीस फोटो आले की तुमची विनंती वर कुठं गेली ते सापडत पण नाही.

मी हे शहाणपणानं सांगत नाहीये, माझं स्वतःचं नाक कापून घेऊन सांगतेय. २०२१ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत आम्ही बियांची देवघेव चालू केली, कुणाच्या कुंड्या वाहून गेल्या होत्या, कुणाच्या परड्यात नुसता गाळ. मी पण असंच गोड गोड लिहिलं होतं, काही आलं नाही. मग एक दिवस मंगळवार पेठेतल्या एक आजी रिक्षा करून आल्या, हातात ते लग्नातलं पाकीट, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आत पन्नासची नोट. म्हणाल्या पावती फाड. मी म्हटलं आजी पावती कसली, आपल्या आपल्यात आहे की. त्यांनी पाकीट परत पिशवीत टाकलं, घेवड्याच्या बिया तेवढ्या घेतल्या आणि जाताना म्हणाल्या, "पावती नसंल तर मी कुणाला दिलं आणि तू कशाला घेतलंस ते दोघींच्या बी ध्यानात राहणार न्हाई बघ." दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरनं पावतीपुस्तक आणलं. आजी आल्या, एक्कावन्न दिले, पावती चष्मा लावून वाचली, माझ्याकडनं राहिलेली तारीख घालून घेतली आणि मगच गेल्या. पावतीपुस्तकाचा फोटो ग्रुपवर टाकला तर आठ दिवसांत वर्षभराचं टपाल निघालं.

तेव्हा दान, मदत, सहकार्य हे शब्दच काढून टाका. वर्गणी म्हणा. वर्गणी शब्दाला आपल्याकडं लाज नाही, पेठेतलं शेंबडं पोरगं पण दार वाजवून मागतं, कारण मांडव कुठं पडणार हे सगळ्यांना दिसत असतं.

आता तुमचा हिशोब. झूमचे १३,००० मला पटत नाहीत. फुकटातलं झूम ४० मिनिटांनी बंद पडतं हे खरं, पण क्लासमधे एक जण बोलतो नि बाकी सगळे ऐकतात असं असेल तर यूट्यूबवर लाइव्ह करा, त्याला पैसे पडत नाहीत, वर रेकॉर्डिंग आपोआप राहतं आणि ज्यांना त्या वेळी कुकर लावायचा असतो त्या बायका रात्री बघतात. प्रश्नोत्तरांना छोटी बैठक पाहिजे असेल तर ४० मिनिटं भरपूर झाली, त्याच्यापुढं तसंही आपली माणसं बागेवरनं गुडघेदुखीवर येतात. राहिले ३०,३००. टपालाचे मात्र कमी करू नका. मलापण आधी वाटलं होतं की लोकांना स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट पाठवायला सांगा म्हणावं, पण नको, कारण तुमच्या सगळ्या कामातलं तेवढं एकच माणसाच्या हातात पडतं. सर्व्हर कुणाला दिसत नाही हो! चिंध्यांसारख्या कागदात बांधलेल्या अकरा लवंगी मिरचीच्या बिया आणि वर पेनानं लिहिलेलं आपलं नाव दिसतं. त्याच पाकिटात एक चिठ्ठी घाला: या बिया फुकट आहेत, ग्रुप चालवायला वर्षाला ३०,३०० रुपये लागतात, ते असे असे, १०१ रुपये देणारे ३०० जण पाहिजेत, आजपर्यंत इतके झाले. खाली क्यूआर कोड. ३०० गुणिले १०१ करून बघा, बरोबर ३०,३०० होतात, मी मुद्दाम जुळवलेलं नाही, तुमच्या वहीचाच गुण आहे. २,३०० मधले ३०० म्हणजे सातातला एक पण नाही. बाकीचे देणार नाहीत, देऊ नयेत, त्यांना ग्रुपमधनं काढायचं तर नावच घेऊ नका. ज्या पोरीनं हॉस्टेलच्या खिडकीत एक कुंडी ठेवलीय तिच्यासाठीच तर हे फुकट ठेवलंय ना तुम्ही?

आणि ३०० झाले की थांबा. हे फार महत्त्वाचं. "वर्गणी पूर्ण झाली, आता पाठवू नका" असा मेसेज ज्या दिवशी टाकाल त्या दिवशी लोक चकित होतात, आपल्याकडं असं कुणी म्हणत नाही. पुढच्या वर्षी मागायला तोंड राहतं ते यामुळं.

वेळ पण बघा. गणपतीच्या तोंडावर मागू नका, तेव्हा एकेका घराला तीनतीन मंडळांनी पिळलेलं असतं. जूनमधे शाळांच्या फिया. दिवाळी होऊन दोन आठवडे गेले की बरं, हिवाळी फुलांची, टोमॅटोची, मेथी-पालकाची घाई असते, बिया मागणारे पण तेव्हाच जास्त आणि फराळानं माणूस जरा मऊ झालेला असतो.

पैसे स्वतःच्या पेन्शनच्या खात्यात घेऊ नका, वहिनींच्या पण नाही. तुम्ही आणि डॉक्टर, दोघांच्या सहीचं वेगळं खातं काढा, तिसऱ्याकडं वही. नातेवाईक नसलेल्यांकडनं एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० च्या वर रक्कम तुमच्या नावावर भेट म्हणून आली तर सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न धरली जाते, नुसती वरची नाही. म्हणून तीस हजारावर थांबायचं दुसरं कारण हे. आणि सदस्यांनी आपापसात खर्च वाटून घेणं वेगळं, बाहेरच्या लोकांपुढं झोळी पसरणं वेगळं. गणपती मंडळं वर्गणीच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातनं कलम ४१ सी ची परवानगी काढतात ती उगाच नाही. ग्रुपच्या बाहेर मागायचं मनात आलं तर आधी त्या ऑफिसात जाऊन विचारा, फार तर अर्धा दिवस जाईल. संस्था रजिस्टर करा असं कुणीतरी सांगणारच तुम्हाला. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जण लागतात, इथं महाराष्ट्रात १९५० च्या ट्रस्ट कायद्याखाली पण नोंद लागते, मग दरवर्षी ऑडिट, बदल अर्ज, सह्यांसाठी सात जणांना एका टेबलावर आणणं. तीस हजाराच्या बागेला एवढं कुंपण कशाला? लाखात गेलात की बघू.

वर्षाच्या शेवटी हिशोब वाचून दाखवा. आपल्याकडं सहकारी संस्थांच्या सभेत "मंजूर मंजूर" ओरडून अहवाल चहा यायच्या आत उरकतात तसलं नको, वहीच्या पानाचा फोटो टाका, खाडाखोडीसकट.

औषधवाल्याचं राहिलं. नको म्हणा, गोडीनं. आज कुणी गुलाबावर मावा (रस शोषणारी बारकी कीड) पडल्याचा फोटो टाकला तर तुम्ही सांगता पाण्याच्या जोरानं धुवा, नाही गेला तर लिटरला पाच मिली लिंबोळी तेल नि थोडा साबण, संध्याकाळी फवारा. त्याचे पैसे घेतल्यावर हेच वाक्य टाइप करताना तुमचा अंगठा थबकेल, आणि नाही थबकला तर त्याचा फोन येईल. एखादा नर्सरीवाला म्हणाला की क्लासला माझी जागा वापरा, चहा माझा, तर खुशाल घ्या, पण उत्तरं विकू नका.

प्रश्न : ताई, वरच्यासारखाच आमचा पण छोटा ग्रुप आहे, कागलला. पैसे मागण्यापेक्षा बियांचीच पाकिटं २० रुपयाला विकली तर? (एक वाचक भगिनी)

उत्तर : देवघेव करा, विकू नका. बियाणं विकायचं म्हटलं की १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, कृषी खात्याचा. आणि दुसरं, तुमच्या ग्रुपात कुणी बाजारातल्या हायब्रीड टोमॅटोचं बी धरून पाठवलं तर पुढच्या पिढीत आईसारखं फळ येईलच असं नाही, फुकट दिलं तर माणूस हसून सोडतो, वीस रुपये घेतले की दारात येतो. त्यापेक्षा पेरणीचं कॅलेंडर छापा. कोल्हापूरच्या पावसाचं, मृगात काय, पितृपंधरवड्यात काय, थंडीत काय. बाजारातली कॅलेंडरं आपल्या हवेला जुळत नाहीत, तुमच्या बायकांना मात्र पडवळ कधी लावलं की कुजतं ते पाठ आहे. आधी नावं नोंदवून पैसे घ्या, तेवढ्याच प्रती छापा, नाहीतर मार्चमधे पलंगाखाली गठ्ठे निघतात. अनुभव आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो, तो आमच्या बागेच्या ग्रुपला शंभर डॉलर पाठवतो म्हणतोय, चालेल का? (शाहूपुरी)

उत्तर : त्याचा पासपोर्ट कुठला? अजून भारताचा असेल आणि स्वतःच्या कमाईतनं नेहमीसारखं बँकेतनं पाठवत असेल तर एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्यात ते विदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी तो त्या कायद्याच्या हिशोबानं परदेशीच, आणि त्यासाठी लागणारी एफसीआरएची परवानगी तुमच्या ग्रुपकडं असणार नाही. तसं असेल तर त्याला म्हणावं पैसे राहू देत, सुट्टीला आलास की एक रविवार बसून आईच्या ग्रुपचे सगळे फोटो नावं देऊन लावून दे. ते काम कुणीच करत नाही.