कानामागचे केस

"धंदा सुरू केला, पण गिऱ्हाईक येईना. येतील ना लोक परत?" कोविडच्या महासाथीतल्या बंदनंतर हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी कितीतरी वेळा ऐकला. त्यातलीच ही एक गोष्ट. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

हे गृहस्थ सलून चालवायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास. २०२१ च्या मध्यावर, दुसऱ्यांदा दुकान उघडल्यानंतर माझ्याकडे आले. बसण्याआधी खुर्चीचे हात पुसले. आमच्या दोघांमध्ये टेबलावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पडदा होता, त्याच्या खालच्या फटीतून त्यांनी एक डायरी माझ्याकडे सरकवली. तीत नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं होती. जो परत आला त्याच्यापुढे बरोबरची खूण.

"रोज रात्री मोजतो मॅडम. बासष्टातले एकोणीस." पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, असंही म्हणाले.

मी हे पैशाच्या काळजीत टाकून मोकळी झाले होते. काळजी होतीच, आणि खरी होती. थकलेल्या हप्त्यांवर समुपदेशनाचा उपाय नसतो. बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, एवढंच मी सांगू शकत होते. पण दुसऱ्या भेटीत सहज विचारलं, "जे एकोणीस आले, ते खुर्चीत बसल्यावर काय होतं?"

बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कान."

मास्कची नाडी कानामागे असते. तिथले केस कापायचे तर नाडी काढावी लागते आणि गिऱ्हाइकाला मास्क बोटांनी गालावर दाबून धरावा लागतो. तेवढी दोन मिनिटं हे श्वास रोखून उभे असायचे. कात्री थरथरायची. "माझ्यामुळे कुणाच्या घरात आजार गेला तर?" शेवटी कानामागचे केस ते तसेच सोडून द्यायला लागले होते. पंचवीस वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाला आपण अर्धवट काम करून पाठवतोय हे कळत नव्हतं थोडंच! गिऱ्हाईक का येत नाही याचं थोडं उत्तर तिथेच होतं.

उरलेलं उत्तर फवाऱ्यात होतं. प्रत्येकासमोर ते खुर्चीवर तीन-तीनदा जंतुनाशक मारायचे. विश्वास वाटावा म्हणून! बघणाऱ्याला मात्र एवढंच कळायचं की हा माणूस घाबरलाय. शिवाय धोका खुर्चीत फारसा नव्हताच. पृष्ठभागाला हात लावून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं. धोका होता तो बंद खोलीतल्या हवेत. खुर्ची गिऱ्हाईक यायच्या आधी एकदाच पुसायची आणि खिडकी दिवसभर उघडी ठेवायची, असं आम्ही ठरवलं.

कानासाठी भीतीची उतरंड लावली. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात रुळवलेली ही पद्धत: सगळ्यात कमी भीतीच्या पायरीपासून सुरुवात, ती अंगवळणी पडली की पुढची. टाळलं की भीती लगेच उतरते, म्हणून तर टाळण्याची चटक लागते. आधी मुलाचे कानामागचे केस, मग मदतनिसाचे, मग दोन्ही लशी घेतलेल्या जुन्या गिऱ्हाइकाचे. स्वतःचा मास्क नीट लावलेला, आणि श्वास रोखायचा नाही, हळू सोडत राहायचा. मदतनिसावर गाडी आठवडाभर अडली.

दुसरं काम त्यांना अजिबात आवडलं नाही: डायरीतल्या, खूण नसलेल्या लोकांना फोन. 'या' म्हणायचं नाही, फक्त कसे आहात विचारायचं. भीक मागितल्यासारखं वाटतं म्हणाले. तरी दहा फोन केले. दोघं-तिघं घरीच केस कापायला शिकले होते, आता यायचे नव्हते. एकांनी गर्दी नसलेली वेळ मागितली. आणि एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "मला होऊन गेला ना. म्हटलं, तुम्हाला मी दुकानात नको असेन."

हे सांगताना त्यांचा आवाज बसला. दुकानाबाहेरही कुणी असंच रात्री जागत असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

ते जुने गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वेळेला येऊन गेले. कानामागून नीट कापून घेतलं.

बासष्टचा आकडा पुन्हा भरला नाही. पाचव्या भेटीत डायरी आणली होती, पण खुणांच्या जागी आता वेळा लिहिलेल्या होत्या. निघताना त्यांनी माझ्या पडद्यावर बोटानं टकटक केलं.

"मॅडम, हवा तर याच्या वरून जाते. आणि तुमची खिडकी बंद आहे."

एसीसाठी बंद होती. मी उठून उघडली.