गोव्यात परतायचं असेल तर ट्रान्सप्लांट हेपॅटोलॉजीची फेलोशिप कुठे करावी?

तुम्ही बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) इंटर्नशिप करताय, घर डिचोलीला. ट्रान्सप्लांट हेपॅटोलॉजीची, म्हणजे लिव्हर बदलायच्या पेशंटला आधी आणि नंतर सांभाळायच्या शाखेची, फेलोशिप परदेशात करावी का, आणि परत आल्यावर गोव्यात तिचा काही उपयोग आहे का, असं विचारलंय. मी मडगावला गॅस्ट्रोची (पोट-लिव्हरच्या विकारांची) प्रॅक्टिस करतो, त्याआधी एका मोठ्या ट्रान्सप्लांट सेंटरला फेलो होतो. उपयोग आहे, आणि भरपूर आहे.

आधी रस्ता. एमडी मेडिसिनची तीन वर्षं, मग नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) देऊन डीएम गॅस्ट्रो किंवा डीएम हेपॅटोलॉजीची तीन वर्षं, वर साधारण वर्षभराची फेलोशिप. मध्ये परीक्षांत आणि बॉण्डमध्ये (सक्तीच्या सरकारी सेवेत) जाणारा वेळ वेगळा. डीएम हेपॅटोलॉजी दिल्लीचं आयएलबीएस, चंदीगडचं पीजीआय अशा मोजक्या ठिकाणी होतं. परतायचं नक्की असेल तर मी डीएम गॅस्ट्रो घ्या म्हणेन. इथे लिव्हरचे पेशंट ढीगभर मिळतील, पण ईआरसीपीला (दुर्बिणीतून पित्तनलिकेवर करायच्या उपचाराला) हात बसलेला नसेल तर हॉस्पिटलं घ्यायला कां कू करतात.

अमेरिकेत ही वेगळी उपशाखा आहे, तिची बोर्डाची परीक्षा २००६ साली सुरू झाली. पण तिथे रीतसर शिरायचं तर यूएसएमएलई ही तिकडची डॉक्टरकीची परीक्षा, पुन्हा मेडिसिनची रेसिडेन्सी, पुन्हा गॅस्ट्रो. त्यापेक्षा डीएम करून इंग्लंडमधल्या किंग्ज हॉस्पिटलच्या किंवा बर्मिंगहॅमच्या लिव्हर युनिटला वर्ष-दोन वर्षं काढणं झेपणारं. तरी लक्षात घ्या, तिकडे बहुतेक लिव्हर मृत दात्याचं असतं, आपल्याकडे बहुतेक जिवंत नातेवाइकाचं. नवऱ्याला लिव्हर द्यायला तयार झालेली बाई खरंच तयार आहे की सासरच्यांनी बसवलीय, हे तिला एकटीला बसवून विचारायचं काम आपलं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याची कागदपत्रं, परवानगी देणाऱ्या समितीसमोरची मुलाखत, हे सगळं दिल्ली-चेन्नईत शिकायला मिळतं. म्हणून पहिली पसंती देशातलं मोठं सेंटर.

ऑपरेशन सर्जन करतो, पेपरात फोटोही त्याचाच येतो. आपल्याकडे, म्हणजे हेपॅटोलॉजिस्टकडे, ऑपरेशनच्या आधीचे महिने आणि नंतरचं आयुष्य. लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा मेल्ड स्कोर बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्यांवरून कुणीही काढेल. पेशंटला नेमका कधी पाठवायचा, हा खरा प्रश्न. गोव्यात दारूने लिव्हर गेलेले पुष्कळ, आणि ‘सहा महिने सोडली तरच ट्रान्सप्लांट’ हा जुना नियम आता तितका कडक राहिलेला नाही. पाय सुजून, पोटात पाणी भरून, किडनी बसल्यावर मुंबईला धाडलेला पेशंट टेबलावर जाईपर्यंत टिकेलच असं नाही.

मग नंतरचं. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये (रिजेक्शन होऊ नये) म्हणून टॅक्रोलिमस देतात; त्याची लेव्हल सकाळची गोळी घेण्याआधीच्या रक्तात बघायची असते. पेशंट गोळी गिळून, वर चहा-पाव खाऊन लॅबमध्ये जातो. आकडा फुगलेला येतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो डॉक्टर डोस कमी करून टाकतो. मग चार दिवसांनी लिव्हरची एन्झाइम चढतात, रिजेक्शनची शंका येते. चवथीला तर मी प्रत्येकाला बजावतो, माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळांची सजावट) उतरवल्यावर त्यातलं तोरंजन, म्हणजे पपनस, खायचं नाही. ग्रेपफ्रूटसारखंच तेही लेव्हल वाढवतं. दिल्लीतल्या सेंटरच्या छापील कागदावर तोरंजन कुठून असणार? मुंबई-बंगळुरूला ट्रान्सप्लांट करून आलेल्या माणसाला दर महिन्याला तिकडे फेरी परवडत नाही. पेडण्या-सत्तरीहून येऊ शकेल इतक्या अंतरावर त्याला कोणीतरी हवं असतं.

तेव्हा फेलोशिप निवडताना वर्षाला किती ट्रान्सप्लांट होतात एवढंच विचारू नका. फॉलो-अप ओपीडी फेलो चालवतो का, रात्री आयसीयूतून पहिला फोन त्याला येतो का, दात्याच्या मुलाखतीला त्याला बसवतात का, तेही विचारा. तिथल्या चालू बॅचच्या फेलोला फोन करा, विभागप्रमुखाला नको. आणि इंटर्नशिप संपायच्या आत जीएमसीच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना भेटून या. ब्रेन डेड पेशंटच्या नातेवाइकांशी ते कसं बोलतात, ते शक्य झालं तर बाजूला उभं राहून ऐका.