पस्तिशीत ज्युदो शिकून स्वसंरक्षण जमेल का? फोंड्यात राहतो.

नक्की जमेल. फक्त सुरुवातीला पडायलाच शिकवतात, तिथे कंटाळून सोडू नका. हनुवटी छातीकडे, हात सपाट मॅटवर आपटायचा, श्वास बाहेर. हे अंगात भिनलं की पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरलात तरी डोकं वाचतं, आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात हेच सर्वात उपयोगी स्वसंरक्षण.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या ज्युदोत खरा विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झुंज, म्हणजे रांदोरी, फार महत्त्वाची. ती होत नसेल तर तो क्लास घेऊ नका. आपल्यापेक्षा जड माणसाकडून पुन्हापुन्हा चितपट व्हा. घाबरून श्वास रोखायची सवय तिथेच सुटते.

समोरच्याने चाकू काढला तर मात्र डाव टाकत बसू नका. पळा, ओरडा, ११२ लावा.