परवाचा लॉट आणि 'संदिग्ध'

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून प्रश्न आला आहे. सुपरवायझरनं दुसऱ्या शिफ्टच्या सहकाऱ्याला चिठ्ठी लिहिली, 'परवाचा लॉट बाजूला काढून ठेव.' त्याला हवा होता परवा पाठवायचा लॉट. सहकाऱ्यानं काढला परवा ओतलेला. आता रिपोर्टात ती चिठ्ठी 'संदिग्ध' होती म्हणायचं की 'मोघम'? आणि 'संदिग्ध' लिहिलं तर लिहिणाऱ्यावरच संशय घेतल्यासारखं होईल का?

अजिबात नाही! ही भीती टीव्हीवरच्या पट्ट्यांनी घातली आहे. 'संदिग्ध व्यक्ती ताब्यात' हे हिंदी झालं. मराठीत माणूस संशयित असतो. संदिग्ध असतं ते बोलणं, वाक्य, मजकूर. हाताशी 'संशयित' असताना आपण कोल्हापुरात बसून ही उसनवारी का करायची?

'मोघम' म्हणजे तपशील नसलेलं, 'थोडा माल लवकर पाठव' यासारखं. तुमच्या चिठ्ठीत उलट दोन नेमके अर्थ आहेत. तेव्हा 'संदिग्ध'च.

आता खरी गंमत. एका व्याख्यानात मी या शब्दाचा संबंध 'दिक्' म्हणजे दिशेशी जोडलेला ऐकला. साफ चूक. धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, आहे दिह्. दुह्‌चं दुग्ध, दह्‌चं दग्ध, तसं दिह्‌चं दिग्ध; पाणिनीचं सूत्रच आहे, 'दादेर्धातोर्घः' (८.२.३२). धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी, 'दिह उपचये' एवढंच सांगतो, उपचय म्हणजे वाढ, आणि पंडित तिथंच थांबतात. पण वाढीवरून 'संदिग्ध' उलगडून दाखवा की! दिग्ध म्हणजे माखलेलं, लिंपलेलं. विष माखलेल्या बाणालाही संस्कृतात दिग्धच म्हणतात. भिंतीवर गिलावा चढला की एक वीट कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते दिसत नाही. संदिग्ध वाक्यात दोन अर्थांमधली फट अशीच लिंपली जाते. 'संदेह' त्याच धातूचा आणि आपला 'देह'सुद्धा! मला तर देह म्हणजे हाडांवर चढवलेलं लिंपणच वाटतं. उपचयवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

हां, 'परवा'. संस्कृतातला 'परश्वः' फक्त पुढचा दिवस दाखवतो. मराठी 'परवा' दोन्हीकडं तोंड करून उभा असतो. हिंदीत 'कल'चीही तीच गत, आपल्याकडं निदान काल आणि उद्या वेगळे आहेत. बोलताना 'परवा आला', 'परवा येईल' असं क्रियापद सावरून घेतं. 'परवाचा लॉट' म्हटलं की काळ दाखवणारं ते क्रियापदच गळतं आणि गिलावा चढतो. 'परवादिशीचा' लिहूनही काही सुटत नाही. 'परवा ओतलेला' किंवा 'परवा जाणारा' लिहा, आणि पुढं तारीख घाला.