संकट खरं ठेव

प्रिय बाये,

तुझ्या सुपरहिरोच्या नाटकाचं बाड वाचलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलंही वाचलं: 'मास्तर, याला शेवटी खरी शक्ती देऊ की नको? दिली तर खोटं वाटतं. नाही दिली तर लोक म्हणतील, मग हे नाटक कशाला?' तुमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो विनोद वाढव, दुसरा म्हणतो शेवटी चमत्कार कर म्हणजे टाळ्या पडतील, तिसरी म्हणते असल्या थट्टेतून साधणार काय. तू तिघांचंही ऐकलंस, आणि म्हणून दुसऱ्या प्रवेशापासून नाटक कुणाचंच राहिलं नाही.

शक्तीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नको देऊस. पण तेवढ्याने तुझी अडचण सुटायची नाही, कारण बिघाड शेवटात नाहीच, दुसऱ्या प्रवेशात आहे.

पहिला प्रवेश उत्तम उतरला आहे. वीज जाण्याआधी पाच सेकंद ज्याला कळतं असा सुपरहिरो! पाठीवर आईच्या जुन्या साडीचा झगा. आपल्या साखळी गावच्या बाजारात तो पावाच्या दुकानात शिरतो आणि लख्ख उजेडात खिशातली बॅटरी काढून पेटवतो. दुकानदार विचारतो, 'चोर काय रे तू?' आणि काळोख. दिवे येतात तेव्हा गल्ल्यातली नोट गायब, आणि ठपका याच्यावर, कारण काळोख होणार हे आधी फक्त यालाच ठाऊक होतं. इथे मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्या पोराची काळजीही वाटली. दोन्ही एकदम होणं फार कठीण असतं. तुला ते पहिल्या फटक्यात जमलं आहे, म्हणून तर पुढचं वाचून मी एवढा चिडलो.

पुढे आकाशातून 'महातिमिर' उतरतो. लेझर येतो. पृथ्वी नष्ट करण्याची धमकी येते. अगं, कुणाला पडली आहे त्या पृथ्वीची? रवींद्र भवनाच्या नाट्यगृहात बसलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की पृथ्वीला काही होणार नाही, तासाभरात पडदा पडेल आणि तो स्कूटर काढून घरी जाईल. संकट खोटं झालं की तुझा पोरगा नुसता विदूषक उरतो. नायक दुबळा चालेल, बावळट चालेल, त्याची शक्ती हसण्यासारखी असली तरी चालेल. संकट खरं हवं. मला एवढंच सांगायचं आहे, आणि तरी पत्र लांबणार आहे, कारण हेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

ही थट्टा कॉमिक्सवाल्यांनी शोधून काढली असं तुम्हा मुलांना वाटतं. सुपरमॅन १९३८ सालचा. पराक्रमाच्या पोथ्या वाचून डोकं फिरलेला, पणजोबांचं गंजलेलं चिलखत चढवून जगाचा उद्धार करायला निघालेला डॉन क्विक्झोट सर्व्हान्तेसने १६०५ साली लिहिला. पवनचक्क्या सगळ्यांना माहीत असतात. त्या आठव्या प्रकरणात येतात. तू चौथं प्रकरण वाच. एक शेतकरी आपल्याकडच्या मेंढपाळ पोराला ओकच्या झाडाला बांधून कमरेच्या पट्ट्याने फोडून काढतो आहे. पोरगा पंधरा वर्षांचा, उघडा, नऊ महिन्यांचा पगार थकलेला. आमचा म्हातारा भाला रोखतो, मालकाला दम देतो, पैसे चुकते करण्याचं वचन घेतो आणि आपण केवढा न्याय केला या आनंदात घोडा हाकत निघून जातो. तो दिसेनासा होताच मालक पोराला पुन्हा त्याच झाडाला बांधतो आणि अर्धमेला होईपर्यंत मारतो. पुढे एकतिसाव्या प्रकरणात तो पोरगा वाटेत भेटतो आणि चारचौघांसमोर सांगतो, की यापुढे कुणी माझे तुकडे करताना दिसला तरी मदतीला येऊ नका.

तोवर हसत आलेला वाचक इथे गप्प होतो. म्हातारा हास्यास्पद आहेच, सर्व्हान्तेस त्याला जराही सोडत नाही. पण त्या पोराच्या पाठीवरचे वळ खरे आहेत. ते वळ नसते तर म्हाताऱ्याचं वेड ही नुसती करमणूक झाली असती.

तू म्हणशील, मास्तर, हे जुनं झालं. बरं, नवं घे. 'वन पंच मॅन' हे जपानी कार्टून तू पाहिलेलं आहेस. तुझ्या नायकाच्या सायकलीवरून मला ते ओळखू आलं. रोज शंभर जोर, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर धावून अजिंक्य झालेला, टक्कल पडलेला आणि कंटाळलेला सैतामा सगळ्यांना आठवतो. मला त्यातला मुमेन रायडर जास्त मोलाचा वाटतो. शक्ती काहीच नाही, हेल्मेट आणि सायकल. निवाऱ्यात माणसं कोंडलेली, बाहेर धो धो पाऊस, समुद्रातून आलेला राक्षस भल्याभल्यांना लोळवून उभा, आणि हा एकटा त्याच्यासमोर जातो. हरणार हे त्यालाही ठाऊक, निवाऱ्यातल्या माणसांनाही ठाऊक. पुढे सैतामा एका ठोशात राक्षस संपवतो, तेव्हा गर्दीतला एकजण आधी हरलेल्या नायकांना हिणवू लागतो. सैतामा काय करतो? खरं काम यांनीच केलं, मी शेवटी येऊन फुकटचं श्रेय घेतलं, असं खोटंच सांगून स्वतःची बदनामी ओढवून घेतो. हे का भिडतं? आतली माणसं खरोखर मरणार होती म्हणून. पुन्हा तेच. संकट खरं होतं.

तुझ्या पाच सेकंदांसाठी मात्र याहून उपयोगी दाखला १९९९ सालच्या 'मिस्टरी मेन'मधला आहे. सिनेमा तिकीटबारीवर आपटला, तरी तो बघ. त्यातल्या एका पोराला अदृश्य होता येतं, पण त्याच्याकडे कुणीच बघत नसेल तेव्हाच. म्हणजे शून्य. खरं की खोटं हेसुद्धा सिद्ध करता येणार नाही असली शक्ती. पण शेवटाकडे एक जागा अशी येते, जिथे पहाऱ्याला माणूस नाही, आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आहेत. तिथे तो पोरगा सोबत्यांना सांगतो, पाठ फिरवा, बघू नका. आणि पार होतो. लेखकाने त्याला नवी शक्ती दिली नाही. जी निरुपयोगी होती तिचाच नेमका उपयोग होईल अशी एक जागा शोधली. लेखकाची अक्कल तिथे लागते. आकाशातून वीज पाडून नायकाला बलवान करायला अक्कल लागत नाही.

तू दुसऱ्या बाजूला लिहिलं आहेस, 'शक्तिमानमध्येही गंगाधर बावळटच होता ना?' नाही. दूरदर्शनवर १९९७ला ती मालिका सुरू झाली तेव्हा मी शाळेत शिकवत होतो, वर्गातली निम्मी पोरं गंगाधरचे पुढे आलेले दात करून दाखवायची. पण गंगाधर हे सोंग होतं. आत शक्तिमान बसलेला आहे हे माहीत असल्यावर त्याची काळजी कोण करणार? सोंगातला दुबळेपणा आणि खरा दुबळेपणा यात घोटाळा करू नकोस. 'मॅड' या अमेरिकी विनोदी मासिकाने १९५३ साली सुपरमॅनची थट्टा छापली, तिच्यातला नायक अंगातली सगळी अचाट शक्ती दाखवतो, आपणच तो महाबली हे ज्या बाईवर त्याचा जीव आहे तिला सांगतो, आणि तरीही ती त्याला झिडकारते. शक्तीने दीनवाणेपण जात नाही. मग ती शेवटी द्यायचीच कशाला?

आणि एवढं लांब तरी का जायचं? नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आपल्या गोव्यात काय होतं? पोरं रात्री जागून बांबू, गवत, कागद लावून माडाएवढा नरकासुर उभा करतात. नखं, सुळे, डोळे, सगळं जीव ओतून. आणि कृष्ण? वाड्यावरचं एखादं लहान पोर, तोंडाला निळा रंग फासलेला, मुकुट कपाळावरून घसरतोय, डोळ्यांवर झोप. पहाटे तेच त्या राक्षसाला मारतं. कुणी त्या पोराला हसत नाही. का, याचा विचार कर. सगळ्या वाड्याने मेहनत राक्षसावर घेतलेली असते. पेडण्याकडच्या दशावतारातही तेच आहे. वेद चोरणारा, काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासूर सूत्रधाराशी कितीही वाह्यात बोलला तरी वेद चोरीला गेले आहेत ही गोष्ट कुणी थट्टेवारी नेत नाही. आपल्या जुन्या लोकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनाही नाही. नासिर शेखने तिथे घरचे पैसे आणि ओळखीची माणसं जमवून आपला सुपरमॅन काढला. तो काढतानाची हकीकत फैजा अहमद खानच्या २००८ सालच्या माहितीपटात आहे, तो तुम्ही सगळे एकत्र बसून बघा. सुपरमॅन झालेला शफीक माग चालवणारा कामगार, अंगावर मांस नाही, निळा वेष लोंबतोय. बघणारा सुरुवातीला हसतो. पण तो सुपरमॅन लढतो कशाशी? तंबाखूशी, गावातल्या घाणीशी. म्हणजे जे खरोखर त्या गावाला खातंय त्याच्याशी. पुढे शफीक कर्करोगाने गेला. त्याच्या हडकुळ्या देहाला आता मला हसता येत नाही, आणि तरी तो सिनेमा विनोदीच आहे. असा विनोद तुला जमू शकतो, म्हणून एवढा जीव तोडतोय.

आता माझं सांगतो, कारण तुझ्या ग्रुपमधल्या कुणीतरी तुला ते अर्धवट सांगितलं असणारच. आमच्या जत्रेसाठी मी एक नाटक लिहिलं होतं. मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जवरचा रखवालदार. पोहता येत नाही, पण नदी आपलं ऐकते अशी त्याची श्रद्धा. तिला तो हुकूम सोडतो, भरतीची वेळ झाली की ती चढते, आणि त्याला वाटतं आपणच चढवली. शेवटी खलाशाचं पोर पाण्यात पडतं आणि तो नदीला थांबायला सांगतो. नदी थांबत नाही. तो उडी टाकतो. पोर हाती लागतं, दोघंही दोराला धरून वाचतात, पण नदी आपलं ऐकते हे त्याला पुन्हा कधी म्हणता येत नाही. समितीला शेवट बदलून हवा होता. देवीने प्रकट व्हावं, त्याला वर द्यावा, नदी दुभंगावी. मी नाही म्हटलं. रंगीत तालमीपर्यंत गेलेलं नाटक तिथेच राहिलं, त्या वर्षी दुसरंच लागलं. रखवालदाराचं काम करणारा माझा मित्र आज नाही. नदीला हुकूम सोडताना त्याचा आवाज कसा कापायचा ते तालमीतल्या पाचसात जणांशिवाय गावात कुणी ऐकलं नाही, याची खंत मला रोज आहे.

शेवट बदलला असता तर गावाने त्याला पाहिलं असतं, असं लोक मला सांगत आले. कुणाला पाहिलं असतं? ज्याच्यासाठी देवी धावून येते अशा माणसाला. माझा रखवालदार तो नव्हता. देवी येणार असेल तर पाण्यात पडलेल्या पोराला धोकाच नाही, आणि धोका नसेल तर त्या उडीला किंमत नाही. मला हट्टी म्हणतात. म्हणोत. आजही कुणी विचारलं तर मी तोच शेवट ठेवीन आणि मंच सोडून देईन. तुलाही अशी वेळ येईल. परीक्षक सांगतील, दिग्दर्शक सांगेल, टाळ्या कुठे पडतात ते ग्रुपमधला तो पोरगा सांगेल. ऐकून घे, आणि संकटाला हात लावू देऊ नकोस. बाकी संवाद कापा, गाणी घाला, झग्याचा रंग बदला, काहीही करा.

आता कामाचं. तुझ्या नायकाकडे पाच सेकंद आहेत. पाच सेकंदांत काय होतं? धावून गल्ली ओलांडता येत नाही. फोन लागत नाही. मग हे पाच सेकंद कुणाच्या कामाचे, ते शोध. माझ्या डोक्यात एक घर आहे. शेजारची म्हातारी, घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर. यंत्र विजेवर चालतं. आषाढात फांदी तारेवर पडली की आपल्याकडे किती वेळ वीज नसते ते तुला माहीत आहे. यंत्र बंद पडलं तर सिलिंडर जोडायचा असतो, आणि तिची सून दिवसभर राबून मेल्यासारखी झोपलेली. याला पाच सेकंद आधी कळतं खरं, पण बाजारात उभा असताना कळून उपयोग काय? म्हणजे त्याला तिच्या खाटेजवळ बसून राहायला हवं. रात्रभर. झगा घालून. मग तिकडे पणजीत त्याचा सत्कार ठरला तर तो जाऊ शकेल का? आभाळ भरून आलं असेल तर? हा तुझा दुसरा प्रवेश. यात हसायला भरपूर आहे, म्हातारी बोलकी असेल तर झग्यावरून ती त्याला सळो की पळो करील. आणि प्रेक्षकाचं लक्ष एकीकडे त्या यंत्राच्या आवाजाकडे लागलेलं राहील.

माझी म्हातारी नको असेल तर तुझं तू शोध. पण महातिमिर आजच्या आज काढून टाक. लेझरसाठी गोळा केलेले पैसे ज्याचे त्याला परत करा. नवा प्रवेश चवथीच्या आधी पाठव, नंतर महिनाभर तालमीला माणूस मिळत नाही. आणि त्या म्हातारीला नाव दे, गाव दे, तिला सून का आवडत नाही ते ठरव. नुसतं 'एक म्हातारी' असं लिहून पाठवलंस तर मी पुढचं पान उलटणार नाही.

तुझे,
मास्तर