डिसॅबिलिटी पेन्शनला 'नाना' लागलं म्हणून घरी बसू नका

भाऊ, तुम्ही लिहिलं की २०२१ ला फौजेत २२ वर्षं करून हवालदार म्हणून कामठीला घरी आलो, बीपीमुळे डिसॅबिलिटी ३० टक्के, तरी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट, कारण काय तर नाना (इंग्रजीत NANA). म्हणजे आजार सर्व्हिसमुळे झालाही नाही अन् वाढलाही नाही. पेन्शनला दोन गोष्टी लागतात, कमीत कमी २० टक्के डिसॅबिलिटी आणि सर्व्हिसशी संबंध. टक्के तुमचे बसतात, संबंधावर अडकलं, आणि बहुतेकांचं तिथंच अडकते.

पहिले रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे फौज सोडताना तपासणी होते त्याचे, पूर्ण कागद काढा, नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका. माझ्या कागदावर मताच्या रकान्यात एकच ओळ होती, आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगला, सुरू झाला म्हणून नाना. त्याच्या आधीची दोन वर्षं मी बर्फात काढली, तो पोस्टिंगचा तक्ता त्याच फाइलमध्ये चार पानं मागं लावलेला होता, कोणी उलटून पाहिलाच नाही. लय लागलं मनाला.

पण कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१३ च्या धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या मेडिकलमध्ये आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहायचं, सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर जे रिटायर झाले त्यांना नवे नियम लागतात, त्यांनी माझ्या भरवशावर राहू नये.

पहिली अपील नकाराच्या लेटरपासून ६ महिन्यांत करायची असते, मग दुसरी, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं कोर्ट, आपल्याला मुंबई बेंच. तुम्हाला उशीर झाला हे खरं, पण पेन्शन दर महिन्याची असते म्हणून दार बंद होत नाही, फक्त एरिअर्स, म्हणजे मागची थकबाकी, साधारण मागच्या ३ वर्षांचेच भेटतात, म्हणून म्हणतो आता एक महिनाही घालवू नका. मी विदर्भ एक्स्प्रेस पकडून तारखांना गेलो, त्रास झाला, पण केस जिंकली. अन् मंजूर झालं की ३० चे राउंड ऑफ होऊन ५० टक्के धरतात, २०१४ च्या राम अवतार निकालानं पूर्ण सर्व्हिस करून रिटायर झालेल्यांनाही ते भेटते.

एरिअर्समध्ये हिस्सा मागणारे एजंट फिरून राहिले, त्यांच्या हाती ओरिजिनल कागद देऊ नका. कागद आले की आधी भरतीचं मेडिकल पाहा, बीपी तेव्हा किती लिहिला होता ते मला कळवा.